सात इडल्या आणि एक चेंडू

लगोरी हा खेळ एखाद्या वकिलाने शोधून काढला असावा, असा माझा जुना संशय आहे. खेळण्यापेक्षा भांडण्यात जास्त वेळ जाणारा असा दुसरा मैदानी खेळ नाही. चेंडू लागला की नाही, लागला तर अंगाला की नुसता शर्टाला, सातवी चकती नीट बसली होती की घाईत टेकवली होती, 'लगोरी!' ही आरोळी चेंडू लागण्याआधी ठोकली की नंतर, ही सगळी प्रकरणं पुराव्याशिवाय, निव्वळ आवाजाच्या जोरावर निकाली निघत. लेखी नियम कुठेच नव्हते. आमच्या आळीत नेम धरायला तीन चान्स मिळत, पलीकडच्या वाड्यात पाच. मामाच्या गावी तर खेळाचं नावच लिंगोरचा. त्यामुळे तिथे एसटीतून पाय खाली ठेवताच आमचं सगळं कायद्याचं ज्ञान बाद व्हायचं.

कॉम्प्युटर हा प्राणी बरोबर याच्या उलटा. त्याला भांडता येत नाही. 'असू दे रे, घे अजून एक चान्स' हे त्याला कळत नाही. खेळ सुरू होण्याआधी त्याला सगळं लेखी लागतं आणि लेखी दिलेलं तो शब्दशः पाळतो. अशा यंत्राला लगोरी शिकवावी असं माझ्या डोक्यात आलं, त्याला कारण माझा पेशा. मी हिशेबतपासनीस. लोकांनी तोंडी ठरवलेल्या गोष्टी त्यांच्याकडून कागदावर आणवणं यावरच माझं घर चालतं. तेव्हा हे काम आपल्या हातचंच, असं वाटलं. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याने माझा बेत ऐकून घेतला आणि मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला, "काका, गोदो घ्या. फुकट आहे."

फुकट म्हटलं की आमच्या घरात आधी आनंद होतो आणि पाठोपाठ शंका येते. म्हणून गोदोची चौकशी केली. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर या दोघांनी गेम बनवायचं हे इंजिन आपल्या कामासाठी तयार केलं आणि २०१४ साली त्याचा सगळा कोड खुला करून टाकला. लायसन्स एमआयटीचं. म्हणजे वापरा, मोडा, जोडा, बनवलेला गेम विका, आम्हाला एक पैसा देऊ नका. फक्त आमचा लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा. नाव बेकेटच्या त्या नाटकावरून, ज्यात ज्याची वाट बघायची तो शेवटपर्यंत येत नाही. हे सगळं रात्री जेवताना सांगितलं तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांचा घास हातातच राहिला.

"मग त्यांचं चालतं कशावर?"

"देणग्यांवर."

"म्हणजे वर्गणी. हिशेब कोण तपासतं?"

प्रश्न घराण्याला साजेसाच होता. मग मी त्यांना ब्लेंडरची गोष्ट सांगितली. त्रिमिती चित्रं करायचं हे सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं होतं ती बंद पडली, तेव्हा २००२ साली जगभरातल्या लोकांनी एक लाख युरो वर्गणी गोळा करून त्याचा कोड सोडवून आणला. तेव्हापासून ते सर्वांना मोकळं. अण्णांना हे फार आवडलं. आळीतल्या लोकांकडून मंडपाची वर्गणी काढताना काय हाल होतात हे त्यांनी खजिनदार म्हणून भोगलेलं आहे. उलट बाजूची गोष्टही सांगितली. युनिटी नावाच्या मोठ्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की ठरावीक मर्यादेच्या वर गेम जितक्यांदा इन्स्टॉल होईल तितक्यांदा आम्हाला पैसे मोजा. जगभर असा गदारोळ उठला की वर्षभराने ते सगळं मागे घ्यावं लागलं, आणि तोवर बरीच मंडळी गोदोच्या ओसरीवर येऊन बसली होती. त्यांच्यामागून चपला काढून मीही आत शिरलो.

आत काही नाही. एक करडं रिकामं आवार आणि त्यात दोन रेघा, एक लाल, एक हिरवी. लहानपणी आपल्याला मैदान आयतं मिळालं होतं याची किंमत इथे कळते. जमीन नाही, आकाश नाही, वजन नाही, वर-खाली नाही. वर-खाली आहे म्हणा, पण उलटं: इथे वरून खाली यावं तसा आकडा वाढत जातो. वस्तू जितकी खड्ड्यात, तितका आकडा मोठा. असे ताळेबंद मी पाहिलेले आहेत, त्यामुळे मला फार जड गेलं नाही. गुरुत्वाकर्षण ९८० असं आधीच भरून ठेवलेलं असतं. शाळेतल्या ९.८ चं हे श्रीमंत नातेवाईक असावं. हवं तर बदला. शून्य केलं की दगड जिथे ठेवाल तिथे अधांतरी राहतो, उणे केलं की आभाळात जातो. चाळीस वर्षांपूर्वी ही सोय असती तर आमचे कितीतरी चेंडू गटारात न जाता वर गेले असते.

पहिल्यांदा मी जमिनीचं चित्र लावलं, त्यावर दगडाचं चित्र ठेवलं, दगडाला वजन दिलं आणि खेळ चालू केला. दगड जमिनीतून आरपार खाली गेला आणि दिसेनासा झाला. कारण इथे दिसणं आणि असणं ही दोन वेगळी खाती आहेत. गोदोत प्रत्येक सुट्या भागाला नोड म्हणतात: चित्रासाठी एक नोड, अंगासाठी दुसरा नोड. चित्र लावलंत म्हणजे वस्तू दिसेल. पण ती कोणाला अडवणार असेल तर तिला 'कोलिजन शेप' नावाचं अदृश्य अंग वेगळं जोडावं लागतं. नाही जोडलं तर गोदो त्या नोडच्या नावापुढे पिवळा त्रिकोण दाखवतो. बोलत काही नाही, नुसता त्रिकोण. आमच्या ऑफिसातले मोठे साहेबही मार्जिनमध्ये पेन्सिलीने अशीच खूण करायचे आणि पुढचं आम्ही समजून घ्यायचं.

दगडांना अंग दिलं आणि सात दगड एकावर एक रचले. आता खरी गंमत सुरू झाली. कोणी हात लावला नाही, चेंडू अजून जन्माला आलेला नाही, आणि लगोरी आपोआप थरथरायला लागली. आधी अगदी बारीक. मग तिसरा दगड हळूच डावीकडे सरकला, पाचवा उजवीकडे निघाला आणि थोड्या वेळात अख्खा मनोरा आडवा. बायको मागे उभी होती. म्हणाली, "वास्तू बघून घ्यायला हवी होती."

कारण वास्तूत नव्हतं, कामाच्या पद्धतीत होतं. खऱ्या दगडाला 'तू शेजाऱ्याच्या अंगात घुसला आहेस का' असं कोणी विचारत नाही. इथे इंजिन सेकंदाला ६० वेळा प्रत्येक दगडाला हा प्रश्न विचारतं. वजनाने दगड खालच्याच्या अंगात केसभर रुतलेला असतोच. मग इंजिन त्याला केसभर वर ढकलतं. त्या ढकलण्याने वरचा हलतो, त्याची चौकशी, त्याला ढकलणं, पुन्हा खालच्याची चौकशी. चौकशीनेच माणसं हलतात, तसे हे दगड. उपायही सरकारी आहे: घर्षण वाढवायचं आणि दगडांना झोपू द्यायचं. हे मी थट्टेने म्हणत नाही, गोदोत ती खरीच सोय आहे. वस्तू काही वेळ जवळपास स्थिर राहिली की ती झोपते आणि झोपलेल्याची चौकशी होत नाही. कोणी येऊन धडकलं तरच उठायचं. दगड थोडे रुंद केले, घर्षण वाढवलं, झोपेची परवानगी दिली आणि मनोरा उभा राहिला. सातही दगड गाढ झोपलेले. मी खुर्चीतून उठतानासुद्धा आवाज केला नाही.

चित्रांची गोष्ट लवकर आवरतो, कारण मला चित्र काढता येत नाही. क्रिटा नावाचं चित्रांचं उत्तम सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. पण बोटं माझीच. ३२ बाय ३२ ठिपक्यांच्या चौकटीत मी फरशीचे तुकडे काढायला गेलो. कडा गोल झाल्या, मध्ये फुगवटा आला, रंग पांढुरका. शेजारची चौथीतली मुलगी पाणी प्यायला आली होती. तिने स्क्रीनकडे बघून विचारलं, "काका, इडलीचा गेम आहे?" बायकोनेही डोकावून दुजोरा दिला आणि 'चटणी कुठेय' एवढंच विचारलं. तेव्हापासून घरात आणि जिन्यात या प्रकल्पाचं नाव 'इडलीचा गेम' असं पडलं ते पडलंच.

चित्र न येणाऱ्यांनी मन खट्टू करून घेऊ नये, यासाठी दोन दाखले जवळ बाळगावेत. टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्हने ज्या इलेक्ट्रॉनिका ६० या मशीनवर रचला, त्याला चित्र दाखवताच येत नव्हतं. कीबोर्डवरचे कंस जोडून त्याने ठोकळे उभे केले. आणि १९८५ च्या सुपर मारिओत आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, रंग तेवढा बदललेला. तो आख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता, तिथे ढगाला वेगळं चित्र कोण देणार? आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज पहाटे येणारा गुलाबाच्या फुलाचा सुप्रभात त्याहून जड असतो. मारिओची ही युक्ती मी लगेच उचलली. आमच्या खेळातलं गटार आणि आभाळ एकच आहे.

शिकायला यूट्यूब आहे, तेही फुकट. पण तिथे एक पिढ्यांचा वाद चालू आहे, तो नवख्याला कोणी सांगत नाही. गोदोची चौथी आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली आणि तिने तिसरीतली निम्मी नावं बदलली. जुन्या व्हिडिओतला हसतमुख मुलगा ज्याला 'कायनेमॅटिक बॉडी' म्हणतो ती आता 'कॅरेक्टर बॉडी' झाली आहे. तो 'यील्ड' लिहायला सांगतो, इथे 'अवेट' लागतं. तो म्हणतो, "आता हे रन करा, बघा कसं मस्त चालतंय." त्याच्याकडे मस्त चालतंच. आपल्याकडे लाल अक्षरांची रांग लागते. रस्त्यांची नावं बदललेल्या शहरात जुन्या पत्त्याने घर शोधणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. पानवाला मात्र इथे नाही.

भाषा तशी सोपी आहे. पायथनच्या वळणाची, त्यामुळे कंस कमी आणि समास जास्त. कुठली ओळ कोणाच्या पोटात आहे हे डावीकडे किती जागा सोडली यावरून ठरतं. ती जागा टॅबने सोडा नाहीतर स्पेसने सोडा, पण एकाच फाइलमध्ये दोन्ही सोडाल तर गोदो ओळ नाकारतो. म्हणजे काहीही न लिहिलेल्या जागेत तुम्ही काय लिहिलंय यावर आक्षेप. तीस वर्षं मी लोकांच्या वह्यांमधल्या कोऱ्या जागांवर शंका काढत आलो. माझ्या कोऱ्या जागेवर शंका काढणारा हा पहिलाच.

मग चेंडू आला. चेंडूने पहिल्याच दिवशी आमच्या बालपणीच्या भांडणाचं शास्त्रीय कारण दाखवून दिलं. मी नेम धरून चेंडू फेकला. डोळ्यांदेखत तो मनोऱ्याच्या टोकाकडच्या अरुंद दगडातून पलीकडे गेला आणि दगड तसाच झोपलेला. पुन्हा जरा हळू फेकला तर बरोबर लागला. यात भानामती नाही. इंजिन सेकंदाला ६० वेळाच बघतं. चेंडूचा वेग सेकंदाला ३००० पिक्सेल असेल तर दोन बघण्यांच्या मध्ये तो ५० पिक्सेल पुढे गेलेला असतो. दगड २० रुंद, चेंडू १०. म्हणजे या क्षणी चेंडू दगडाच्या अलीकडे, पुढच्या क्षणी पलीकडे, मधल्या काळात काय घडलं ते इंजिनने पाहिलेलंच नाही. आणि न पाहिलेलं घडलेलं नसतं. 'मी बघत होतो, लागला नाही' असं छातीवर हात ठेवून सांगणारा एक मुलगा आमच्या आळीत होता. तो खोटं बोलतो असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो फक्त सेकंदाला कमी वेळा बघत असणार. यावर 'कंटिन्युअस' नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की इंजिन मधल्या वाटेवरही लक्ष ठेवतं. त्या मुलाला ते बटण नव्हतं. सध्या तो एका सहकारी संस्थेचा संचालक आहे.

या सगळ्या खटाटोपात मला एका गोष्टीचा मनापासून आनंद झाला. तो कच्च्या लिंबाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोणाचं तरी धाकटं भावंड खेळायला घ्यावंच लागतं, नाहीतर ते घरी जाऊन सांगतं. ते खेळात असतं, धावतं, ओरडतं, पण ते आऊट होत नाही आणि त्याने केलेलं धरलं जात नाही. असण्या-नसण्याच्या सीमेवरचं हे पद जगातल्या कुठल्या खेळाच्या नियमपुस्तकात असेल असं वाटत नाही, आणि कॉम्प्युटरला ते समजावणं अशक्य, असं मी धरून चाललो होतो. तर गोदोत ते तयारच आहे. प्रत्येक वस्तूसाठी ३२ चौकोनांचा एक तक्ता असतो, ज्यात ती कुठल्या थरात राहते ते भरायचं, आणि तसाच दुसरा तक्ता, ज्यात ती कोणाकोणाला धडकते ते भरायचं. कच्च्या लिंबाला दुसऱ्या थरात ठेवलं, चेंडूच्या आणि दगडांच्या तक्त्यात दुसऱ्या थरापुढची खूण काढून टाकली, त्याच्या तक्त्यातून चेंडू-दगडांची खूण काढली आणि काम झालं. चेंडू त्याच्या अंगातून निघून जातो. तो दगड रचायला धावतो, त्याचे हात दगडांमधून जातात. तो खूश, बाकीचे निर्धास्त. गोदोवाल्यांच्या अर्जेंटिनातही धाकटी भावंडं असणार, त्याशिवाय हे सुचलं नसतं.

शर्टाचा प्रश्नही असाच सुटला. खेळणाऱ्याचं जे चित्र दिसतं त्याहून त्याचं अदृश्य अंग थोडं लहान ठेवायचं, असा गेम बनवणाऱ्यांचा जुना रिवाज आहे. चेंडू चित्राच्या कडेला चाटून गेला तरी माणूस वाचतो आणि 'थोडक्यात हुकलो' म्हणून खूश होतो. मोजमाप काटेकोर ठेवलं तर लोक चिडतात, गेम लबाडी करतो म्हणतात. खेळणाऱ्याच्या बाजूने ढळढळीत पक्षपात केला की त्यांना तो खेळ न्यायाचा वाटतो. उडी मारायच्या खेळात तर कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही क्षण उडी मारायची मुभा गुपचूप दिलेली असते. मी हिशेबतपासनीस म्हणून हे वाचून थोडा अस्वस्थ झालो, पण नंतर मुलांच्या अंगाभोवतीची कड चार पिक्सेल आत घेतली. शर्टाला लागलेलं धरायचं नाही. चाळीस वर्षं प्रलंबित असलेला निकाल मी एकट्याने, कोणाचंही न ऐकता देऊन टाकला.

विरुद्ध पार्टी कॉम्प्युटरने खेळायची होती. तिला चेंडू मारायला शिकवणं सोपं: मुलगा कुठे आहे ते कॉम्प्युटरला ठाऊकच असतं, त्या दिशेने फेक. पण तिचा नेम कधीच चुकेना. एकही दगड रचून होईना. मग मला तिला चुकायला शिकवावं लागलं. दिशेत पंधरा अंशांपर्यंत इकडेतिकडे मनाला येईल तसं भरकटायचं, कधीकधी नुसतं उभं राहून बघत बसायचं, कधी चेंडू हातात असून 'कोणाला मारू' या विचारात वेळ घालवायचा. शेवटी ती आमच्या आळीतल्या पोरांइतकी ढ झाली तेव्हा खेळात राम आला. हुशार करायला दोन ओळी लागल्या होत्या, वेंधळं करायला अर्ध पान.

आवाजाचं सांगतो. तयार आवाज फुकट मिळतात, पण शहाबादी फरशीवर शहाबादी तुकडे पडल्याचा आवाज जगाच्या कुठल्याही साठ्यात सापडेना. म्हणून रविवारी दुपारी गच्चीवर जाऊन तुकडे रचले, मोबाइल विटेला टेकवून ठेवला आणि पाडले. वॉचमन वर आला. त्याला काय सांगणार? 'रेकॉर्डिंग आहे' म्हटल्यावर त्यानेही जीव लावून एकदा पाडून दिलं. ऑडासिटीत उघडून बघतो तर तुकड्यांच्या खळखळाटामागे खालून जाणाऱ्या भंगारवाल्याची आरोळी. गोंगाट पुसायची सोय त्यात आहे. तिने मागची एकसुरी घरघर गेली, भंगारवाला गेला नाही. तो राहू दिला. आता खेळात दर वेळी लगोरी फुटली की लांबून 'भंगाऽऽर' असं ऐकू येतं आणि ज्यांना म्हणून गेम दाखवला त्यांना तोच भाग सगळ्यात अस्सल वाटला.

अक्षरांसाठी मात्र मुंबईकरांचे आभार मानायला हवेत. गोदोच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत देवनागरीची पार दैना व्हायची: पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन उभी राहायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडायचे. चौथीत ते दुरुस्त झालं. पण गेम ब्राउजरमध्ये चालवायचा तर फाँट सोबत बांधून द्यावा लागतो, नाहीतर 'लगोरी' या शब्दाच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग दिसते. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी मुक्त आणि बालू हे फाँट केले आणि कोणालाही वापरायला मोकळे ठेवले. बालू गुबगुबीत आहे. इडल्यांना शोभतो.

गेम झाला. आता तो लोकांपर्यंत न्यायचा. ब्राउजरवर टाकायला इच डॉट आयओ आहे, तिथे काही पडत नाही. पण नातेवाइकांच्या लेखी जो मोबाइलच्या प्ले स्टोअरवर नाही तो गेमच नाही. तिथे एकदाच २५ डॉलर भरून खातं उघडता येतं, आणि नव्या वैयक्तिक खात्याला एक अट असते: आधी बारा माणसांनी सलग चौदा दिवस तुमच्या गेमचे परीक्षक म्हणून नाव नोंदवून राहायला हवं. पूर्वी ही संख्या वीस होती, आता उतरवली. बारा माणसं! आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला गणसंख्येअभावी अर्धा तास थांबून त्याच जागी पुन्हा सभा भरवावी लागते. शिवाय सलग चौदा दिवस, म्हणजे मधेच कोणी रुसून बाहेर पडायचं नाही. फुकट साधनांनी केलेल्या गेमचा खरा खर्च इथे सुरू होतो. मेहुण्यांना मिसळ खिलवली. आतेभावाच्या इन्शुरन्सची फाइल बघून दिली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं आयकराचं विवरणपत्र भरलं. बाराव्या जागेसाठी वॉचमनला घेतलं. त्याचा तसाही ध्वनिसंयोजनात वाटा होताच.

परीक्षण आमच्याच हॉलमध्ये झालं. पहिली फेक मेहुण्यांची. तीन चान्स वाया गेल्यावर स्क्रीनवर 'बाद' आलं, आणि मेहुणे ताठ झाले.

"तीन कसले? पाच असतात."

"तुमच्या कोल्हापुरात असतील," काका म्हणाले. "तीनच. आणि टप्पा पडून झेललं तरी आऊट."

"टप्प्याचं काय घेऊन बसलात? दगडाला लागून उडालेला झेलला तर आऊट. जमिनीचा टप्पा नाही चालत."

"नगरला चालायचा," आतेभाऊ म्हणाला. "आणि शर्टाला लागलेलंसुद्धा धरायचे. याने ते काढलंय. कोणाला विचारून काढलं रे?"

तासभर कोणी खेळलं नाही. मोबाइल हातात धरून सगळे उभे. आवाज असे चढले की काकू वर आल्या. मी एकट्याने दिलेला निकाल वरच्या कोर्टाने उलटवला होता. शेवटी ज्याला जे हवं ते त्याला मिळावं म्हणून मी 'सेटिंग्ज' नावाचं एक पान केलं. चान्स: तीन किंवा पाच. शर्ट: धरायचा, नाही धरायचा. टप्पा: जमिनीचा, दगडाचा, कुठलाच नाही. सातवी चकती टेकली तरी चालेल, चालणार नाही. आरोळी आधी, आरोळी नंतर. खेळाचं नाव: लगोरी, लिंगोरचा, इतर. हे पान आता खेळापेक्षा लांब झालं आहे आणि त्याला वर-खाली सरकवायची पट्टी लावावी लागली. चौथीतल्या मुलीने बोटाने ते तळापर्यंत नेलं, परत वर आणलं आणि विचारलं, "काका, इडल्या कुठेयत?"

बाहेर पडायचं बटण तेवढं राहिलं होतं. मी तिथे सरळ 'बाहेर पडा' असं लिहिलं होतं. आतेभावाला ते पटेना. त्याचं म्हणणं, खेळ असा संपतो का कधी? ज्याचा चेंडू तो चिडून घरी जायचा, तेव्हा खेळ संपायचा. हे मात्र सगळ्यांना मान्य झालं, त्या दिवसातला एकमेव बिनविरोध ठराव. त्यामुळे त्या बटणावर आता 'माझा बॉल दे, मी चाललो' असं आहे. दाबलं की मी लावलेली 'नक्की?' अशी चौकट येत होती. काकांनी ती काढायला लावली. म्हणाले, "असं कोणी विचारत नसे. उलट जा जा म्हणायचे."

त्याखाली दुसरं एक बटण आलं: 'आईने बोलावलंय'. यात चिडणं नाही, हार नाही. पण मेहुण्यांनी अट घातली की आईच्या नावाखाली जो पळेल त्याच्यावर दुसऱ्या दिवशी राज्य तसंच बाकी राहिलं पाहिजे, नाहीतर सगळेच आईला पुढे करतील. म्हणजे गेम बंद करताना कोणावर किती राज्य आहे ते फाइलमध्ये लिहून ठेवायचं आणि उद्या उघडताना तिथून उचलायचं. पुतण्या म्हणाला, "काका, ते जरा अवघड आहे, परीक्षा झाली की शिकवतो." मी म्हटलं, फाइल कशी उघडायची तेवढं सांग; मागची शिल्लक पुढे ओढायला मला कोणी शिकवायला नको.